कुटुंब, गट आणि चाचणी: पहिल्या सत्राआधी काय पक्कं हवं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. समुपदेशन मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण नुकतंच संपलं आहे. कुटुंब समुपदेशन, गटोपचार आणि मानसशास्त्रीय मूल्यमापन हे तीन स्वतंत्र पेपर होते आणि तिन्हींत गुणही चांगले मिळाले. पण आता खरी माणसं समोर येऊन बसणार आहेत आणि नेमकं काय धरून पुढे जायचं ते कळत नाही. आधी चाचणी घ्यायची की आधी बोलायचं? सगळ्या घराला बोलवायचं की एकट्याला? गटात कुणाला घ्यायचं? आणि या तिन्हींचा पाया म्हणजे नक्की काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. पेपर तीन असले तरी काम एकच आहे. समोरच्या त्रासाबद्दल एक अंदाज बांधायचा, तो तपासता येईल इतका नेमका ठेवायचा आणि पुरावा उलटा आला की तो सोडून द्यायचा. कुटुंबात हा पुरावा माणसं एकमेकांशी कशी वागतात यातून मिळतो, गटात त्या खोलीत त्या क्षणी काय चाललं आहे यातून आणि चाचणीत आकड्यांतून. नवे समुपदेशक तंत्रं भरपूर शिकून येतात, पण अंदाज सोडणं त्यांना जड जातं. पहिल्या वीस मिनिटांत सुचलेलं स्पष्टीकरण पुढची सहा सत्रं खेचत नेलं जातं. तुम्ही कुठल्या विचारधारेचे आहात यापेक्षा या सवयीने क्लायंटचं जास्त नुकसान होतं, असं माझं मत आहे.

आधी कुटुंबाकडे बघू. इथे मी रेंगाळणार आहे.

फोन येतो तेव्हा सहसा एकच माणूस बोलतो आणि दुसऱ्याबद्दल बोलतो. 'आमचा मुलगा ऐकत नाही, त्याला समजावून सांगा.' म्हणजे घराने एक माणूस 'प्रश्न' म्हणून आधीच पुढे केलेला असतो. तुम्ही त्या वर्णनाला लगेच 'हो' म्हणालात तर घराच्या बाजूने उभे राहिलात आणि लगेच 'नाही' म्हणालात तर मुलाच्या बाजूने. दोन्ही टाळायचं. फोनवर एवढंच विचारायचं की घरात कोण कोण राहतं, या गोष्टीचा त्रास कुणाकुणाला होतो आणि पहिल्या भेटीला त्यांतले कोण येऊ शकतील. जो 'येणार नाही' म्हणतो त्याच्यावर पहिल्या सत्रात बराच प्रकाश पडतो, त्यामुळे त्याच्या नकारावर अडून बसू नका. जे येतील त्यांच्यासोबत सुरुवात होते.

पहिल्या सत्रात प्रत्येकाला बोलतं करायचं, अगदी लहान मुलालाही. प्रत्येकाला तोच एक साधा प्रश्न विचारा: तुमच्या मते अडचण काय आहे, आणि ती सुटली तर घरात सगळ्यात आधी काय वेगळं दिसेल? उत्तरं ऐकताना मजकुराइतकंच दुसऱ्या गोष्टींकडे लक्ष द्या. कोण कुणाच्या शेजारी बसलं, कोण कुणाच्या वतीने बोलतं, कुणी बोलायला लागलं की कोण घड्याळाकडे बघतं. कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्व्हादोर मिनुचिन यांनी घरातल्या माणसांमधल्या सीमारेषांबद्दल जे मांडलं ते इथे उपयोगी पडतं. काही घरांत माणसामाणसांतल्या रेषा इतक्या पुसट असतात की एकाला राग आला की सगळे हादरतात, तर काही घरांत त्या इतक्या घट्ट असतात की एक जण महिनाभर रडत असला तरी दुसऱ्याला पत्ता नसतो. बहुतेक घरं या दोन टोकांच्या मध्ये असतात आणि एकाच घरात दोन्ही सापडू शकतं: आई आणि मुलगी एकमेकींत गुंतलेल्या, वडील दूर. हे कागदावर चित्र काढून नोंदवायची सवय लावा. किमान तीन पिढ्यांचा जिनोग्राम, म्हणजे माणसं आणि त्यांची नाती दाखवणारा घराचा नकाशा, काढायला पाऊण तास लागतो आणि तो काढताना लोक आपोआप अशा गोष्टी सांगतात ज्या थेट विचारल्यावर सांगितल्या नसत्या.

या विचाराचा इतिहास थोडा माहीत हवा, कारण त्यात एक धोक्याची सूचना आहे. १९५४ मध्ये मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनिया (भ्रम-भास होणारा गंभीर मानसिक आजार) असलेल्या रुग्णांसोबत त्यांच्या आयांनाही वॉर्डात राहायला आणलं, पुढे वडील आणि भावंडंही आली. रुग्ण एकटा पाहण्याऐवजी सगळं घर एक व्यवस्था म्हणून पाहायचं, ही दिशा तिथे पक्की झाली. दोन माणसांतला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला आत ओढतात, ही बोवेन यांची त्रिकोणाची कल्पना मी आजही जवळजवळ रोज वापरतो. १९५६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र असं मांडलं की परस्परविरोधी संदेशांच्या कात्रीत सतत सापडल्याने स्किझोफ्रेनिया घडू शकतो. कल्पना देखणी होती, पण आजाराचं कारण म्हणून ती टिकली नाही. मधल्या काळात कितीतरी आयांनी मुलाच्या आजाराचा दोष स्वतःवर घेतला. पुढे जॉर्ज ब्राउन आणि नंतर व्हॉन व लेफ या संशोधकांच्या कामातून जास्त नेमकी गोष्ट पुढे आली. ज्या घरात टीका, वैर किंवा एकमेकांत अति गुंतणं जास्त असतं तिथे बरा होऊन परतलेला रुग्ण पुन्हा आजारी पडण्याची शक्यता वाढते. घरच्यांना आजाराची माहिती, बोलण्याची पद्धत आणि अडचणी सोडवायची रीत शिकवली तर ती शक्यता कमी होते. म्हणजे घर आजार निर्माण करत नाही, पण आजाराची पुढची वाट बदलू शकतं. हा फरक घरच्यांना पहिल्या दोन भेटींतच स्पष्ट शब्दांत सांगा. त्यांचे खांदे खाली येताना तुम्हाला दिसतील.

आता तंत्र. मिलानच्या चार मनोविकारतज्ज्ञांनी, म्हणजे सेल्व्हिनी पालाझोली, बोस्कोलो, चेक्किन आणि प्राता यांनी, १९८० मध्ये तीन गोष्टींवर भर दिला: अंदाज बांधणं, वर्तुळाकार प्रश्न विचारणं आणि तटस्थ राहणं. १९८७ मध्ये चेक्किन यांनी तटस्थतेच्या जागी कुतूहल आणलं, आणि मला ती सुधारणा मूळ मांडणीपेक्षाही मोलाची वाटते. तटस्थ राहायचं ठरवलं की माणूस थंड होतो. कुतूहल असलं की बाजू घ्यायला सवडच मिळत नाही. वर्तुळाकार प्रश्न म्हणजे एकाला दुसऱ्या दोघांमधल्या संबंधाबद्दल विचारणं. 'तुला राग का येतो?' असं मुलाला विचारलं की तो खांदे उडवतो. पण धाकट्या बहिणीला 'दादा चिडला की आई काय करते, आणि आईने तसं केलं की बाबा काय करतात?' असं विचारलं की सगळं घर कान टवकारतं.

हे एका उदाहरणातून दाखवतो. अनेक घरं मिसळून ते बनवलेलं आहे, त्यामुळे कुणी ओळखायला जाऊ नये. तेरा वर्षांचा मुलगा, दोन-तीन महिन्यांपासून शाळेला दांड्या मारतो, सकाळी पोट दुखतं, डॉक्टरांना काही सापडलं नाही. आई म्हणते आळस, वडील म्हणतात मोबाइल. वर दिलेला प्रश्न बहिणीला विचारल्यावर ती सहज म्हणते, 'दादाचं पोट दुखलं की बाबा आईला ऑफिसातून फोन करतात. एरवी नाही करत.' असं वाक्य हाती आलं की कुठल्याही कुटुंब समुपदेशकाचे डोळे लकाकतात. आईबाप एकमेकांपासून दुरावले आहेत, मुलाच्या लक्षणामुळे ते एकत्र येतात, त्रिकोण पूर्ण झाला. पुस्तकातलं पान समोर उघडल्यासारखं वाटतं.

इथेच थांबायचं. अंदाज वहीत लिहायचा आणि त्याखाली दुसरी ओळ लिहायची: हा चुकीचा असेल तर मला काय दिसायला हवं? या मुलाच्या बाबतीत प्रश्न साधा होता. पोट कुठल्या दिवशी दुखतं? आईने आठवून सांगितलं की ज्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचायला लावतात त्या दिवशी हमखास दुखतं. सुट्टीच्या काळात आईबापांत अबोला असतानाही पोट ठीक होतं. म्हणजे त्रिकोण खोटा नव्हता, पण सगळं त्यावर ढकलता येत नव्हतं. त्यामुळे पुढची पायरी मूल्यमापनाची होती. 'आधी चाचणी की आधी बोलणं' याचं माझं उत्तर यातच आहे. बोलण्यातून प्रश्न तयार होतो आणि चाचणी त्या प्रश्नासाठी निवडली जाते. आल्या आल्या प्रत्येकाला ठरलेल्या पाच चाचण्यांचा संच देणाऱ्या केंद्रांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

मूल्यमापनाकडे वळण्याआधी कुटुंबाबाबत दोन गोष्टी, ज्यांत तडजोड नाही. पहिली, गुपितं. एखादा सदस्य तुम्हाला एकट्यात गाठून काही सांगेल आणि 'हे बाकीच्यांना कळू देऊ नका' म्हणेल. अशा वेळी काय करायचं ते पहिल्याच सत्रात, सगळ्यांसमोर, संमतीपत्रात लिहून ठरवलेलं हवं. मी सांगतो की एकट्यात सांगितलेलं मी स्वतःहून उघड करणार नाही, पण सगळ्यांच्या कामात ते अडथळा ठरत असेल तर ते तुम्हीच सांगावं म्हणून मी मदत करेन, आणि तेही शक्य नसेल तर एकत्र सत्रं थांबवेन. तुमचा नियम वेगळा असू शकतो, पण नियमच नसणं चालणार नाही. दुसरी, हिंसा. जोडप्याला किंवा कुटुंबाला एकत्र बसवण्याआधी प्रत्येक प्रौढाला किमान एकदा वेगळं भेटा आणि मारहाण, धमकी, पाळत, पैशांवर ताबा याबद्दल सरळ विचारा. भीतीत जगणारी व्यक्ती एकत्र सत्रात खरं बोलत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. अशा वेळी आधी सुरक्षितता, वेगवेगळं काम, आणि 'दोघांचंही थोडं चुकतं' ही भाषा पूर्ण बंद.

आता चाचणी. चाचणी म्हणजे मूल्यमापन नव्हे. चाचणीतून गुण मिळतात. मुलाखत, निरीक्षण, शाळेच्या वह्या, शिक्षकांचं म्हणणं, वैद्यकीय माहिती आणि चाचणीचे गुण यांची सांगड घालून एखाद्या ठरावीक प्रश्नाचं उत्तर देणं म्हणजे मूल्यमापन. त्या तेरा वर्षांच्या मुलासाठी प्रश्न असा लिहिला होता: वयाच्या आणि शिक्षणाच्या मानाने याला वाचनात अडचण आहे का, आणि असेल तर ती चिंतेमुळे आहे की चिंता तिच्यामुळे? मग आधी डोळे आणि कान तपासून घेतले. हे फार जण विसरतात. त्यानंतर बुद्धिमत्तेची चाचणी, वाचनाची अचूकता आणि वेग, लेखन आणि चिंतेची प्रश्नावली. बुद्ध्यांक सरासरीच्या थोडा वर आला. ऐकून समजण्यात तो तरबेज निघाला. वाचनाच्या वेगात मात्र त्याच्या वयाच्या शंभरातली सुमारे पंच्याण्णव मुलं त्याच्या पुढे होती. हुशार मुलं खालच्या वर्गांत ऐकून आणि पाठ करून निभावून नेतात, मग धडे लांबतात आणि ती युक्ती संपते. मग पोट दुखायला लागतं. अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन जड जाणं) निदान मुलाला आणि घराला सांगितल्यावर 'आळशी' हा शब्द त्या घरातून गेला, आणि आईबापांतल्या दुराव्याचं काम त्यानंतरच खऱ्या अर्थाने सुरू करता आलं. तिथे मुलाला मध्ये घ्यायची गरज उरली नव्हती.

आकडे वाचताना काय भान ठेवायचं, ते सांगतो. वेक्स्लर यांनी १९३९ मध्ये आपली पहिली बुद्धिमत्ता चाचणी आणली. तेव्हापासून त्यांच्या चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात याचं माप) १५ धरलं जातं. ९२ बुद्ध्यांक म्हणजे नेमका ९२ नव्हे. प्रत्येक मोजणीत त्रुटी असते. चांगल्या चाचणीतही खरा आकडा साधारण ८७ ते ९७ च्या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के, असंच ते वाचायचं असतं. अहवालात फक्त ९२ लिहिणं म्हणजे खोट्या अचूकतेचा आव आणणं. शिवाय ती तुलना ज्या लोकांशी केली आहे, म्हणजे ज्यांच्यावरून प्रमाणकं तयार झाली, ते तुमच्या क्लायंटसारखे आहेत का? दुसऱ्या भाषेतल्या, दुसऱ्या काळातल्या लोकांवर बेतलेली प्रमाणकं वापरली की गुणांमध्ये आकलनाइतकीच भाषाही मोजली जाते. जुन्या प्रमाणकांचा प्रश्न वेगळा: पिढ्यांगणिक सरासरी गुण वाढत गेल्याचं अनेक देशांत दिसलं आहे, त्यामुळे जुनाट आवृत्ती वापरली तर गुण फुगलेले येतात. अलीकडे हीच चाचणी आधी कुठे दिली होती का, हेही विचारा, कारण सरावाने गुण वाढतात. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये आपली मापनश्रेणी केली ती शाळेत जादा मदत कुणाला लागेल हे शोधण्यासाठी, आणि हा आकडा माणसाची कायमची मर्यादा म्हणून वापरला जाऊ नये असा बिने यांचा आग्रह होता. तो पुढे फारसा पाळला गेला नाही.

विश्वसनीयता आणि वैधता यांच्या व्याख्या तुम्हाला पाठ असतील, त्यामुळे त्या सोडतो. व्याख्येइतकंच महत्त्वाचं असूनही कमी शिकवलं जाणारं काही असेल तर ते म्हणजे मूळ प्रमाण, म्हणजे ज्या लोकांना तपासतो त्यांत तो त्रास मुळात किती जणांना आहे. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली घ्या. नऊ प्रश्न, ० ते २७ गुण, १० किंवा जास्त आले की नैराश्याची पुढची तपासणी. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, सखोल मुलाखतीशी ताडून पाहता, या मर्यादेला ती नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के लोकांना पकडते आणि नसलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना बरोबर वगळते, असं दिसलं. उत्तम. आता समजा तुम्ही १००० सामान्य लोकांना ती भरायला दिली आणि त्यांत नैराश्य १०० जणांना आहे. त्या १०० पैकी ८८ सापडतील. उरलेल्या ९०० पैकी १५ टक्के, म्हणजे १३५ जण, नैराश्य नसताना अडकतील. एकूण २२३ जणांचे गुण १० किंवा वर, त्यांत खरं नैराश्य असलेले ८८. दहांतले चार. तीच प्रश्नावली तुम्ही अशा ठिकाणी वापरली जिथे १००० पैकी निम्म्यांना नैराश्य आहे, तर १० किंवा जास्त गुण असलेल्या ५१५ पैकी ४४० जणांना ते खरंच असेल. प्रश्नावली तीच, मर्यादा तीच, अर्थ पूर्ण वेगळा. त्यामुळे कॉलेजात सरसकट तपासणी करून 'तुम्हाला नैराश्य आहे' असं कुणालाही सांगायचं नाही. सांगायचं ते इतकंच की आपण सविस्तर बोलू या. आणि एक गोष्ट गुणांच्या बेरजेच्या बाहेरची: नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्यावर शून्याशिवाय काहीही खूण असेल तर एकूण गुण ३ असोत की २३, त्याच दिवशी, ती व्यक्ती इमारतीतून बाहेर पडायच्या आत तिच्याशी बोला. प्रश्नावली फाईलमध्ये लावून 'पुढच्या आठवड्यात बघू' हे इथे चालत नाही.

व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांबाबत थोडक्यात. एमएमपीआयसारख्या व्यक्तिमत्त्वाच्या लांबलचक प्रश्नावलीत, जिची पहिली आवृत्ती १९४३ मधली आहे, माणूस स्वतःला फार चांगलं दाखवतो आहे का, लक्षणं वाढवून सांगतो आहे का, की न वाचताच खुणा करतो आहे, हे तपासणाऱ्या श्रेणी असतात. आधी त्या वाचा, मग बाकीचं. रोर्शाक यांचे शाईचे दहा डाग, ज्यांत काय दिसतं ते माणसाला विचारतात, १९२१ पासून वापरात आहेत. प्रमाणित गुणांकन पद्धत शिकून, विचारांतला विस्कळीतपणा अशा ठरावीक बाबींसाठी वापरले तर त्यांना आधार आहे, पण 'हा डाग पाहून हा माणूस असा' ही जादूगिरी सोडून द्या. तुमचा अहवाल वाचून क्लायंट 'अगदी मीच!' म्हणाला तर आनंदी होऊ नका. मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं, प्रत्येकाला 'हे खास तुझं' असं सांगून, प्रत्यक्षात सगळ्यांना एकच. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४ च्या वर गुण दिले. तुमचं एखादं वाक्य शेजारच्या क्लायंटलाही तितकंच लागू पडत असेल तर ते खोडा.

अहवाल हातात देऊन काम संपत नाही. निष्कर्ष समोर बसून सांगायचे, साध्या भाषेत, आधी त्याला स्वतःबद्दल जे माहीतच आहे तिथपासून, मग थोडं नवं, आणि सगळ्यात धक्कादायक भाग त्याची तयारी पाहून. चाचणीतल्या प्रश्नांचे फोटो कुणालाही पाठवायचे नाहीत, मग तो कितीही जवळचा सहकारी असो.

गटोपचाराबद्दल सर्वात मोठा गैरसमज असा की तो एकाच वेळी आठ जणांचं वैयक्तिक समुपदेशन आहे, वेळ वाचवण्याची सोय. १९०५ मध्ये बॉस्टनमध्ये डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी क्षयरोगाच्या गरीब रुग्णांना एकत्र बोलावलं तेव्हा हेतू बहुतेक माहिती देण्याचाच होता: विश्रांती, मोकळी हवा, नोंदवही. पण रुग्ण एकमेकांना पाहून सावरतात हे त्यांच्या लक्षात आलं. गटाची ताकद तिथेच आहे. गटोपचाराचे अभ्यासक अर्विन यॅलम यांनी मांडलेल्या अकरा उपचारक घटकांपैकी निम्म्याहून अधिक गोष्टी एकट्या समुपदेशकाला देताच येत नाहीत. 'हे फक्त मलाच होत नाही' ही जाणीव, दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचा अनुभव, आपल्यासारख्याला बरं होताना पाहणं. एकास एक आणि गट यांची थेट तुलना करणाऱ्या अभ्यासांत परिणाम सरासरीने सारखेच निघाले आहेत. त्यामुळे गटाला दुय्यम समजून क्लायंटसमोर मांडू नका. तुमच्या स्वरात कमीपणा असेल तर तो येणारच नाही.

गटात कुणाला घ्यायचं याचा निर्णय गट सुरू होण्याआधी, वैयक्तिक भेटीत होतो. खुल्या चर्चेच्या गटासाठी सात-आठ जण बरे, पाचाहून कमी झाले की तो आटतो, दहाच्या वर गेला की दोघंतिघं हरवतात. आठवड्यातून एकदा, साधारण दीड तास. तीव्र संकटात असलेली, भ्रम-भास चालू असलेली, नशेत येणारी किंवा दुसऱ्यांबद्दल पराकोटीचा संशय असणारी व्यक्ती अशा गटात सध्या नको. तिच्यासाठी दुसरं काम आहे, आणि बरं वाटल्यावर किंवा त्याच त्रासासाठी बांधलेल्या गटात ती उत्तम बसू शकते. एखादी व्यक्ती महत्त्वाच्या बाबतीत एकटीच वेगळी पडणार असेल, म्हणजे सात जण पन्नाशीतले आणि एक विशीतला, तर तो बहुधा तिसऱ्या भेटीनंतर येणार नाही. आधीच्या भेटीत गट कसा चालतो, सुरुवातीला निरुपयोगी वाटू शकतो, राग येऊ शकतो, हे सांगून ठेवलं की गळती कमी होते. मानसशास्त्रज्ञ टकमन यांनी १९६५ मध्ये गटाच्या वाटचालीचे टप्पे मांडले: जमणं, खटके, नियम रुजणं, मग काम. १९७७ मध्ये त्यात निरोपाचा टप्पा जोडला गेला. टप्पे नेहमी याच क्रमाने येत नाहीत, पण खटक्यांचा टप्पा येतो हे माहीत असलं की चौथ्या सत्रात कुणी 'इथे येऊन काय फायदा?' म्हटल्यावर तुम्ही घाबरत नाही.

गट चालवणाऱ्याचं खरं कौशल्य 'आत्ता आणि इथे' यात आहे. एक बाई वीस मिनिटं बोलत असतात आणि शेवटी म्हणतात, 'माझं कुणी ऐकूनच घेत नाही.' नवशिका विचारेल, 'घरी कोण ऐकत नाही?' आणि गोष्ट खोलीबाहेर जाईल. त्याऐवजी विचारा, 'आत्ता या खोलीत कोण ऐकतंय असं तुम्हाला वाटतं?' मग इतरांना विचारा. कुणीतरी म्हणेल, 'ऐकावंसं वाटतं, पण मध्ये शिरायला जागाच मिळत नाही.' ती बाई गप्प होते. आता तिला काय वाटलं ते विचारायचं आणि सावकाश, तिला उघडं न पाडता, हे घरीही होत असेल का याकडे जायचं. तिच्याकडे आता सात साक्षीदार आहेत, आणि ते तिच्या बाजूचे आहेत. ही गोष्ट मी एकट्याने तिला सांगितली असती तर ती टीका ठरली असती. सल्ले मात्र रोखा. गटाला सल्ले द्यायला आवडतं आणि त्यातून फारसं काही हाती येत नाही. 'तुम्ही असं करा' ऐवजी 'तुमचं ऐकून मला असं वाटलं' ही भाषा रुजवायला साताठ सत्रं लागतात.

गट इजाही करतो, हे कमी बोललं जातं. डिशियन, मॅकॉर्ड आणि पुलाँ या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की बेशिस्त वागणाऱ्या किशोरांना एकत्र गटात घेतल्यावर काही कार्यक्रमांत त्यांचं वागणं आणखी बिघडलं. एकाच्या धाडसाच्या गोष्टीला बाकीच्यांचं हसू म्हणजे बक्षीसच होतं. त्या मुलांसाठी पालकांसोबतचं काम मला जास्त भरवशाचं वाटतं. प्रौढांच्या गटांवरचा लीबरमन, यॅलम आणि माइल्स यांचा १९७३ मधला अभ्यासही पाहा. गटामुळे ज्यांचं नुकसान झालं त्यांतले बरेच आक्रमक, घुसखोर, लवकर उघडं पडायला लावणाऱ्या नेत्यांच्या गटांत होते. आणि कुणाला इजा झाली हे ओळखण्यात नेत्यांपेक्षा सोबतचे सदस्य सरस ठरले. म्हणून दर सत्राच्या शेवटी दोन मिनिटांची छोटी लेखी प्रश्नावली द्या: आज किती सुरक्षित वाटलं, काही सांगायचं राहून गेलं का? तुमच्या जाणिवेवर सगळं सोडू नका.

गोपनीयतेचं वचन गटात पूर्ण देता येत नाही. तुम्ही स्वतःपुरतं देऊ शकता, इतरांकडून मागू शकता, पण हमी देता येत नाही. हे संमतीपत्रात स्पष्ट लिहा, तोंडीही सांगा.

एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही मागितलं नाही, पण ते लागेलच: आपल्याकडून दुसरीकडे कधी पाठवायचं? पुढे बसलेल्या व्यक्तीला आत्महत्येची ठरवलेली योजना असेल, भ्रम-भास असतील, कित्येक दिवस झोपच नसेल आणि उत्साह उतू जात असेल, रोज दारू पिणारा अचानक ती थांबवून थरथरत असेल, तर समुपदेशनाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ किंवा रुग्णालय. वयस्क माणसाच्या वागण्यात काही दिवसांत अचानक बदल झाला तर आधी शारीरिक तपासणी. संसर्ग, औषधांचा परिणाम, साखरेची गडबड हे सगळं मानसिक लक्षणांसारखं दिसतं. थायरॉईडची कमतरता नैराश्यासारखी दिसू शकते आणि तिचं निदान रक्ताच्या साध्या तपासणीत होतं, त्यामुळे महिनोन्‌महिने सत्रं घेण्याआधी ती झाली आहे का हे पहिल्याच भेटीत विचारून नोंदवा. पाठवताना चिठ्ठी लिहा: काय पाहिलं, काय विचारलं, कुठली शंका आहे. 'कृपया तपासावे' एवढं पुरत नाही. आणि पाठवल्यावर दोन दिवसांनी, क्लायंटची संमती घेऊन, तिथे फोन करून तो पोहोचला का ते विचारा. बरेच जण पोहोचत नाहीत.